डीलरशिप घ्या, पण सही करण्याआधी हे विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात ‘दुचाकी विक्रीसाठी डीलर नेमणे आहेत’ अशा जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी अशी गावांची नावं त्यांत असतात. अटी दोन-तीन ओळींत उरकलेल्या: हमरस्त्याला लागून जागा, भांडवल उभं करण्याची ताकद, व्यवसायाची आवड. त्या वाचून आमच्या भागातली बरीच घरं सध्या विचारात पडली आहेत. माझ्या भावाचं घर त्यांतलंच एक. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांब होईल, पण काटछाट न करता छापावं ही विनंती.

मी बेळगावात एका दुचाकी शोरूमचे हिशेब सांभाळत असे आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. विक्रीवरची मुलं बदलली, मॅनेजर बदलले, मॉडेलं तर दर दसऱ्याला नवी. स्टॉकचं रजिस्टर आणि बँकेच्या व्याजाचा हिशेब मात्र कायम माझ्याच टेबलावर राहिला. त्यामुळे या धंद्यातली मला कळते ती बाजू काचेपुढच्या झगमगाटाची नाही, मागच्या खोलीतली आहे, आणि जाहिरातीत नेमकी तीच नसते.

भाच्याचं खानापुरात गॅरेज आहे. हात चांगला आहे त्याचा. गाडी दारात येईपर्यंत आवाजावरून टॅपेट वाजतोय की टायमिंग चेन सैल झालीय ते सांगतो. बेळगाव रस्त्याला भावाची जागा आहे. भाच्याचं म्हणणं सरळ होतं: “आत्या, जागा आमची, काम मला येतंय, माणसं वळखीची. आनी काय पायजे?” प्रश्न रास्त आहे. त्याला मी जे सांगितलं तेच इथे मांडते.

कंपनीची विक्री आणि डीलरची विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी नीट समजून घ्यावं. महिना सरला की ‘अमुक कंपनीने इतक्या लाख दुचाकी विकल्या’ अशी बातमी येते. तो आकडा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. गिऱ्हाइकाच्या नावावर चढलेल्या गाड्यांचा आकडा निराळा. तो ‘फाडा’ ही डीलरांची देशपातळीवरची संघटना परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदींवरून काढते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जेवढा मोठा, तेवढ्या गाड्या डीलरच्या गोदामात उभ्या असतात, आणि त्या डीलरच्या पैशाने किंवा त्याच्या कर्जाने घेतलेल्या असतात. कंपनीचे पैसे तिला केव्हाच मिळालेले असतात.

चाकणच्या किंवा होसूरच्या कारखान्यातून कंटेनर निघतो तेव्हाच बिल झालेलं असतं. बँकेच्या इन्व्हेंटरी फंडिंगच्या, म्हणजे स्टॉकसाठी दिलेल्या कर्जाच्या, खात्यातून पैसे वळते होतात. सवलतीचे दिवस मिळाले तर ते संपेपर्यंत, नाहीतर लगेच, व्याज सुरू होतं. समजण्यापुरते आकडे धरू. गाडी ८५,००० रुपयांची, व्याज सालाना ११ टक्के, तर एका गाडीला दिवसाला साधारण २५ रुपये ६० पैसे बसतात. गाडी ६० दिवस थांबली की सुमारे १,५४० रुपये गेले. डीलरला गाडीमागे शेकडा पाच सुटतात असं धरलं तर ते होतात ४,२५०. त्यातून हे व्याज गेलं, ‘शेजारच्या शोरूममध्ये हेल्मेट आणि सीट कव्हर फुकट देतात’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला हजाराची सूट गेली, की उरतात १,७०० च्या आसपास. सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, काही आठवड्यात जातात आणि त्यांच्यावर तीन हजार हाती राहतात. महिन्याला पंचवीस गाड्या विकणाऱ्या तालुक्याच्या शोरूमचं विक्रीतलं उत्पन्न म्हणजे पंचेचाळीस ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यान कुठेतरी. फायनान्स आणि विम्याच्या कमिशनची त्यात थोडी भर पडते. त्यातून दोन सेल्समन, कॅशवरची मुलगी, आरटीओची कागदपत्रं करणारा पोरगा, राखणदार, वीजबिल आणि इमारतीच्या कर्जाचा हप्ता. ही बेरीज ज्याने त्याने आपल्या गावच्या पगाराप्रमाणे करून बघावी. मी भाच्याला कागद-पेन देऊन करायला लावली.

महिनाअखेरीचा फोन ही गोष्ट जाहिरातीत कधीच येत नाही. एरिया मॅनेजरचं टार्गेट राहिलेलं असतं. “एवढ्या बिलिंग करतो, पुढच्या महिन्यात अ‍ॅडजस्ट करू,” असं म्हणत गाड्या येतात, आणि पळणाऱ्या मॉडेलबरोबर न पळणारंही येतं. न पळणाऱ्या गाडीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्लॅस्टिकखाली ती उभी राहते. बेळगावचा पाऊस, हवेतला ओलावा. महिन्याभरात बॅटरी उतरते, चेनवर तांबूस पापुद्रा धरतो, सायलेन्सरच्या वाकणापाशी गंजाचे ठिपके येतात. मग कधीतरी गिऱ्हाईक लागतं तेव्हा आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची, डिझेलच्या फडक्याने पोरगा तास-तास पुसत बसतो, टायरला काळं पॉलिश, आणि सकाळी हार घालून चावी हातात. गिऱ्हाईक खूश होऊन फोटो काढतो. माझ्या वहीत त्या गाडीवर घाटा लिहिलेला असे.

काही धक्के तर डीलरच्या हातातच नसतात. २०१७ साली पाडवा २८ मार्चला होता. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे जुन्या प्रदूषण मानकाच्या, गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद. मोठमोठ्या सवलती जाहीर झाल्या, दोन दिवस देशभर शोरूमपुढे रांगा लागल्या. लोकांना त्या रांगा आठवतात. सवलतीतला किती भार कंपनीने उचलायचा आणि किती डीलरने, यावर पुढे किती पत्रव्यवहार करावा लागतो ते फक्त हिशेबनिसांना ठाऊक. २०२० मध्ये बीएस-४ ची मुदत ३१ मार्चला संपत होती, आणि टाळेबंदी सुरू झाली २५ मार्चला, नेमकी पाडव्याच्या दिवशी. पाडव्याच्या डिलिव्हऱ्या बुक झालेल्या, गाड्या धुऊन तयार, आणि शटर खाली.

अलीकडचं २०२५ चं घ्या. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटीत सुधारणा होणार असं सांगितलं. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरपासून. गिऱ्हाइकासाठी चांगलंच झालं, मला त्याचा आनंद आहे. पण मधले पाच आठवडे काय झालं? गणपतीत होणारी खरेदी लोकांनी थांबवली, “कर उतरला की येतो” म्हणाले. पाठोपाठ पितृपंधरवडा, त्यात आपल्याकडे नवी गाडी कोणी घरात आणत नाही. घटस्थापनेपासून शोरूम भरून वाहिले हेही खरंच. पण ज्याच्याकडे ते पाच आठवडे तग धरण्याइतकी शिल्लक नव्हती, त्याला सणाच्या गर्दीचा नफा आधीचं व्याज फेडायलाच लागला. असा धक्का पुन्हा येणार नाही असं समजून कोणी या धंद्यात पडू नये.

आपल्या भागाचा हंगाम तर आणखी वेगळा आहे. चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडे दुचाकीचा धंदा उसाच्या बिलावर हलतो. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश तसं सांगतो. कारखान्याने बिल लांबवलं की शेतकऱ्याची गाडीही लांबते. खानापूरकडे जून ते सप्टेंबर पाऊस आणि भाताची रोप लावणी. आषाढात तर शोरूममध्ये माशा मारायची वेळ. सुटीवर आलेला जवान हे आमचं हक्काचं गिऱ्हाईक. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे आणि खानापूर, चंदगडच्या गावागावांत फौजी घरं आहेत. पण त्याची सुटी संपायच्या आत कागद आणि पासिंग करून देणारी माणसं शोरूममध्ये लागतात. आणि लष्करी कॅन्टीनमधून गाडी घेतली तर बिलाची रीतच वेगळी, ती माहीत असणारा माणूस हवा. पुण्या-मुंबईत बसून ठरलेलं महिन्याचं टार्गेट यातलं काहीच बघत नाही. म्हणून भाच्याला मी म्हटलं, बारा महिन्यांचं टार्गेट सारखं वाटून देत असतील तर तिथेच अडवून विचार.

सीमेवर बसल्याचा म्हणून एक वेगळाच पेच आहे. बेळगावची बाजारपेठ चंदगड तालुक्याची, निपाणीची बाजारपेठ कागल-मुरगूडची. हद्दीपलीकडच्या शिनोळीचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येतो, गणपतीची खरेदी बेळगावात करतो. पण गाडी? पत्ता महाराष्ट्राचा असला की पासिंग कोल्हापूरला, एमएच-०९. तात्पुरती नोंदणी करून गाडी तिकडे न्यायची, किंवा मग त्याने सरळ गडहिंग्लजलाच घ्यायची. डीलरशिपचा इलाखाही करारात नेमून दिलेला असतो, आणि राज्याची हद्द ओलांडून विक्री केली की पलीकडच्या डीलरची तक्रार जाते. कराचंही तसंच. कर्नाटकात आजीवन कर किमतीच्या टप्प्यांवर बसतो आणि लाखाच्या वर गेलं की एकदम चढतो. महाराष्ट्रात तो इंजिनच्या क्षमतेवर आहे. त्यामुळे चांगली गाडी घेऊ पाहणारा पोरगा कोल्हापूरच्या मावशीचा नाहीतर गोव्याच्या मामाचा पत्ता शोधत असतो. नकाशावर खानापूरभोवती वर्तुळ काढून ‘एवढी गावं, एवढी लोकसंख्या, म्हणून एवढ्या गाड्या’ असं गणित कंपनीचा माणूस मांडतो, तेव्हा त्या वर्तुळातली महाराष्ट्राची आणि गोव्याची गावं आधी खोडून काढावीत.

पाटीचंही बघून ठेवावं. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. कंपनीच्या ठरलेल्या नमुन्याची महागडी पाटी बसवली आणि पुढे ती उतरवून नवी करावी लागली, तर पैसे कोण देणार, हे आधी ठरवून घ्यावं. काउंटरवर मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारी मुलं लागतात. जांबोटी-कणकुंबीकडचं गिऱ्हाईक मराठी बोलत येतं, बिडी-इटगीकडचं कन्नड, आणि दोघांनाही आपल्या भाषेत हप्ता समजावून घ्यायचा असतो. अशी मुलं-मुली आपल्या भागात भरपूर आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

मग या धंद्यात काही राम नाही का? आहे, आणि तो वर्कशॉपमध्ये आहे. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या महिन्यांत मालकाच्या कपाळाला आठी पडली नाही, ते महिने गाड्या जास्त विकल्या गेलेले नव्हते, ते सर्व्हिस आणि स्पेअर्स चांगले चाललेले महिने होते. या धंद्यात त्याला सर्व्हिस अ‍ॅब्सॉर्प्शन म्हणतात: शोरूमचा पगार, भाडं, वीज, हप्ता असा ठरलेला खर्च एकट्या वर्कशॉप-स्पेअर्सच्या कमाईतून किती भागतो, त्याचा हिशेब. तो पुरता भागत असेल तर गाडी कमी नफ्यावर विकूनही घर चालतं. ऑइल, ब्रेक शू, क्लच प्लेट, चेनसेट आणि लेबर या पैशावर व्याज चढत नाही, त्याला टार्गेटचा फोन येत नाही आणि आषाढही लागत नाही. उलट पावसाळ्यात काम वाढतं. फ्री सर्व्हिसचे पैसे कंपनीकडून मागाहून येतात, तेव्हा तेवढे महिने मेकॅनिकचा पगार खिशातून द्यायची तयारी ठेवावी.

या हिशेबाने माझा भाचा जाहिरातीतल्या ‘भांडवलदार’ उमेदवारापेक्षा कितीतरी लायक आहे, असं मी मनापासून म्हणते. खानापूरच्या माणसाला कंपनीच्या सर्व्हिसिंगसाठी पंचवीस-सव्वीस किलोमीटर बेळगावला यावं लागतं आणि दिवस मोडावा लागतो. तालुक्यात चांगलं वर्कशॉप हवंच आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, पहिल्यांदा बेळगावच्या मुख्य डीलरच्या हाताखाली अधिकृत सर्व्हिस सेंटर मागून बघ. एक वर्षाच्या जॉब कार्डांवरून तालुक्यात दर महिन्याला किती गाड्या दारात येतात ते कळेल. मग शोरूमचं ठरव. सब-डीलर होणं हा तिसरा रस्ता आहे. त्यात गुंतवणूक कमी, पण करार कंपनीशी नसतो, मुख्य डीलरशी असतो, हे विसरू नये. उद्या त्याचीच डीलरशिप गेली तर सब-डीलर कोणाच्या दारात उभा राहणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं, करारनामा. तो इंग्रजीत असतो, जाडजूड असतो आणि सही घाईत होते, कारण तोवर इमारत अर्धी झालेली असते. आधी इरादापत्र मिळतं, मग कंपनीच्या नकाशाप्रमाणे बांधकाम, कंपनीने सांगितलेल्या ठेकेदाराकडून फरशी, काच आणि फर्निचर, आणि त्यानंतर करार. पैसे घालून झालेला माणूस कराराच्या अटींवर भांडत नाही. म्हणून इरादापत्र हातात पडताच कराराचा मसुदा मागावा आणि बेळगावच्या चांगल्या वकिलाकडून वाचून घ्यावा. करार रद्द करायला कंपनीला किती दिवसांची नोटीस पुरते? रद्द झाला तर उरलेल्या गाड्या, स्पेअर्स आणि खास टूल्स कंपनी परत घेणार का, आणि कोणत्या भावाने? डिपॉझिट किती दिवसांत मिळणार? तंटा झाला तर तो खानापूरच्या माणसाने पुण्यात, दिल्लीत की चेन्नईत जाऊन लढायचा? याच गावात कंपनीने दुसरा डीलर नेमला तर?

हे प्रश्न उगाच नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातला कारखाना आणि विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कोट्यवधी घालून शोरूम उभारलेल्या डीलरांपुढे एकाएकी अंधार झाला. वर्षभरात फोर्डनेही इथलं मोटारींचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जगभर नावाजलेल्या कंपन्यांच्या डीलरांची ही गत, तर नव्या इलेक्ट्रिक कंपनीच्या कागदावर सही करणाऱ्याने किती सावध असावं! इलेक्ट्रिक दुचाकींवरचं केंद्राचं अनुदान १ जून २०२३ ला एकदम घटलं आणि गाड्यांचे भाव वर गेले. त्या दिवशी ज्याचं शोरूम नुकतंच उघडलं असेल त्याचा विचार करा.

अमेरिकेत मोटार डीलरांना कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागता यावी म्हणून १९५६ सालीच वेगळा कायदा झाला. आपल्याकडे डीलरांचं रक्षण करणारा असा खास कायदा नाही. जे काही आहे ते करारात, आणि करार लिहिते कंपनी. फ्रँचायझी संरक्षण कायद्याची मागणी डीलरांची संघटना वर्षानुवर्षं करते आहे, संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनेही तशी शिफारस केलेली आहे. बेळगाव, चिकोडी आणि खानापूर ज्यात येतं तो उत्तर कन्नड, या तिन्ही लोकसभा मतदारसंघांच्या खासदारांनी हा विषय उचलावा अशी माझी जाहीर विनंती आहे. भाषा कोणतीही असो, पक्ष कोणताही असो, शोरूम काढणारा आपल्याच तालुक्याचा पोरगा असतो.

जमिनीचं एक सांगायचं राहिलं. बँक गॅरंटीसाठी आणि खेळत्या भांडवलासाठी बँका तारण मागतात. भावाने भाताचं शेत तारण ठेवायची तयारी दाखवली होती. मी त्याला कडाडून विरोध केला आणि अजूनही करते. शोरूमची जागा धंद्यात गुंतवावी, ते त्याचं भांडवल. ज्या शेतावर आई आणि दोन भावांची घरं जेवतात ते रान गोदामात गंजणाऱ्या गाड्यांसाठी अडकवू नये. तारणावर सही करताना घरातल्या बायकांना बोलवतात ते फक्त अंगठ्यापुरतं किंवा सहीपुरतं. भगिनींनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. ‘जामीनदार’ म्हणून आपलं नाव कुठे आहे ते बघा.

शिवाय बनावट जाहिरातींपासून सांभाळा. नामांकित कंपनीचं नाव घेऊन फोन येतो, ‘तुमचा तालुका निवडला गेलाय, नोंदणी फी आजच भरा.’ खरी कंपनी माणूस पाठवून जागा बघते, बँकेची उलाढाल तपासते. अर्ज पाहायच्या आतच कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत असतील तर फोन ठेवून द्यावा आणि पोलिसांत कळवावं.

भाच्याने अजून सही केलेली नाही. त्याने वरचे प्रश्न लिहून एरिया मॅनेजरला दिले. इलाख्याचं उत्तर आलं, टार्गेटचं आलं. करार संपल्यावर उरलेला माल परत घेण्याबद्दल ‘कंपनी पॉलिसीप्रमाणे’ एवढंच उत्तर आलं; ती पॉलिसी लेखी मागितली आहे, आणि ती हातात पडेपर्यंत तो इमारतीचा पाया खणणार नाही असं आमचं घरात ठरलं आहे.

संपादक महोदय, आपले वाचक निपाणीपासून खानापूरपर्यंत पसरलेले आहेत. त्यांत आजी-माजी डीलर आणि सब-डीलर नक्कीच असतील. डीलरशिप सोडताना उरलेल्या गाड्या आणि स्पेअर्सचं काय झालं, डिपॉझिट किती काळाने आणि किती कापून मिळालं, एवढं जरी त्यांनी या सदरात लिहिलं तरी आमच्यासारख्या घरांना फार मोठा आधार होईल. आपण त्यांना तसं आवाहन करावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस
टिळकवाडी, बेळगाव